बडबड्याचा उजवा हात

माझा धाकटा भाऊ न्हावी. हात असा हलका की रडकं पोर त्याच्या खुर्चीत पेंगायला लागायचं. आणि तोंड? बाप रे! गिऱ्हाइकाच्या डोक्यावर चारच केस उरले असले तरी कात्री वाजवत विचारायचा, "साहेब, यातला कुठला कापू?" सगळा बाजार त्याला बडबड्याच म्हणायचा.

दुकानातच त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. मी त्याला माझ्या घरी आणलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवायला उठवावं तर "ठेव तिथं." व्यायाम घेणाऱ्या बाई यायच्या, त्याची आखडलेली बोटं एकेक करून सोडवायच्या. हा ढिम्म. "अरे, जरा जोर लाव ना मेल्या!" मी खेकसायचे. बाई म्हणाल्या, असंच चाललं तर मूठ कायमची मिटेल.

एकदा मी चहा देताना तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी दुकानातच आटोपलं असतं तर बरं झालं असतं. अजूनही आटोपता येईल." चहात साखर कमी आहे म्हणावं, इतक्या साधेपणाने म्हणाला. त्याच्या पेटीतले वस्तरे मी शेजारणीकडे नेऊन दिले. रोजची कात्री मात्र घराबाहेर काढवेना, ती पिठाच्या डब्यात खुपसली. डॉक्टरांनाही काही बोलले नाही. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला न्यायची?

त्याने रिकामी पेटी पाहिली आणि बाईंना हात द्यायचंच बंद केलं. "कात्री हातात द्यायची नाही, मग बोटं हलवून काय माशा मारू?"

बाईंनी ते ऐकलं. "खरंच, कात्रीच देऊ या की," म्हणाल्या. माझं धाबं दणाणलं. त्यांना ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगून टाकलं.

"आजच्या आज डॉक्टरांना सांगा," बाई म्हणाल्या. "झटक्यानंतर मनही आजारी पडतं हो. त्यालाही औषध असतं."

गोळ्या सुरू झाल्या. जादूबिदू काही झाली नाही. थोडं जेवायला लागला, एवढंच. मग डॉक्टरांना विचारून बाईंनी पिठाच्या डब्यातली ती कात्री बोथट करून आणली. आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसलो. बाईंनी कात्री त्याच्या बोटांत अडकवली, पुढे कागद धरला.

कात्री उघडेना. त्याला दरदरून घाम फुटला. मी हात पुढे केला तर ओरडला, "हात लावू नकोस!" पाती जराशी हलली आणि थांबली. कागद होता तसाच.

"बघितलंस ना? कागदसुद्धा कापत नाही, ताई." तो ढसाढसा रडायला लागला.

"नाही कापत," मी म्हणाले. खोटं काय सांगू? मलाही रडू आवरेना.

डाव्या हाताने त्याने बोटं सोडवली आणि कात्री माझ्याकडे सरकवली.

"लपवून ठेव, बोथट असली तरी. माझा अजून मलाच भरवसा नाही." मग नाक पुसत म्हणाला, "आणि उद्या बाई आल्या की परत दे."