दोन निळी बटणं

आमच्या ऑफिसात तिला सगळे खारूताई म्हणतात. ड्रॉवरमध्ये शेंगदाणे, आणि दिवसभर तोंड चालू. तिचा बाप घड्याळं दुरुस्त करायचा, त्यामुळे मान खाली घालून काम करायची सवय घरातलीच. आठ महिन्यांपूर्वी ती आली आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. खोटं कशाला बोलू?

एका हॉस्पिटलची वेबसाइट मी एकट्याने उभी केली होती, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. बावीस पानं. माणूस ज्या पानावर असेल त्याचं बटण वरच्या मेनूत निळं दिसायला हवं. म्हणून मी प्रत्येक पानात आख्खा मेनू चिकटवला आणि एकेक बटण हाताने निळं केलं. एक पान वाढलं की माझा दिवस त्यातच जायचा. या बाईने मेनू एकाच फाइलीत ठेवला. उघडलेल्या पानाचा वेबपत्ता, बटण ज्या पानावर नेतं त्याच्या पत्त्याने सुरू होत असेल तर बटण निळं, बस्स! एका ओळीत काम फत्ते. साहेब म्हणाले, "वा! शहरभरच्या दवाखान्यांचं काम कुणाला द्यायचं, ते ठरलंच म्हणा." त्या कामासाठी मी सहा वर्षं डोळे लावून बसलो होतो. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हॉस्पिटलवाले बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. "दादा, एकदा नजर घाला ना. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

तासभर बघितलं आणि सापडलं! 'डॉक्टर' आणि 'डॉक्टरांच्या वेळा' या दोन पानांचे पत्ते सारखेच सुरू होत होते. वेळांचं पान उघडलं की दोन्ही बटणं निळी. ते पान त्याच सकाळी वाढवलेलं, तिने उघडून पाहिलंच नव्हतं. पाच मिनिटांची दुरुस्ती होती.

"झकास झालंय," मी म्हटलं. "बिनधास्त दाखव."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या मॅडमनी नेमकं तेच पान उघडलं. "अहो, पण मी आहे कुठल्या पानावर?"

साहेबांचा चेहरा पडला. "कुणी तपासलं नव्हतं का हे?"

मी वहीत काहीतरी खरडायला लागलो.

"माझीच घाई झाली, साहेब," खारूताई म्हणाली. "दादांना बघायला वेळच दिला नाही मी." एकदाच तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिथेच बसून ती ओळ दुरुस्त केली.

दवाखान्यांचं काम मला मिळालं. सगळ्यांत आधी तिनेच अभिनंदन केलं. त्यानंतर आजवर तिने मला एकही गोष्ट तपासायला दिलेली नाही.