साडेतीन लिटरचं झुकतं माप

आमच्या गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे: ऑइल बदलताना फिल्टरही बदलला तर तीन लिटर शंभर मिली टाकावं, फिल्टर तोच ठेवला तर त्याहून थोडं कमी. बाबांनी फिल्टर बदलला होता आणि साडेतीन लिटर टाकलं होतं. म्हणजे चारशे मिली जास्त. हे कळायला घरच्यांना अठरा दिवस लागले, कारण तेवढ्या दिवसांत बाबांना कोणी विचारलंच नाही.

बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. वलगावला आमचा भाजीचा मळा आहे. चाळीस वर्षं त्यांनी मेथी, पालक, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवली आणि अमरावतीच्या बाजारात स्वतः बसून विकली. बाजारात बसणं आता बंद झालं. गाडी मात्र सुरू आहे. दर शनिवारी सकाळी आईला शेजारी बसवून, मागच्या सीटवर भाजीच्या जुड्या ओल्या पोत्यात गुंडाळून, ते अकोल्याला माझ्या भावाकडे जातात. मूर्तिजापूरला चहा घेतात. नातवंडांसोबत जेवतात आणि दिवस मावळायच्या आत परततात. बाकीचे सहा दिवस दोघंही या शनिवारबद्दल बोलत असतात.

गाडीचं ऑइल ते घरीच बदलतात. एका मेकॅनिकनं एकदा तेल काढायचा खालचा नट सैल ठेवला होता, तेव्हापासून हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. या वेळी ते बुधवारी झालं. पहिल्या दोन शनिवारी कोणाच्या काही लक्षात आलं नाही. तिसऱ्या शनिवारी अकोल्यातून निघताना गाडीनं असा निळसर धूर सोडला की भावाचा शेजारी फाटकातून ओरडला, "बाबाजी, मच्छर मारून राहिले का?"

बाबा हसले आणि गेले. भावानं मला अमरावतीला फोन केला. मी इथल्या एका दैनिकात उपसंपादक आहे; घरातले निर्णय माझ्याकडे येतात, कारण वलगावपासून मी जवळ राहते.

"ताई, चाबी घेऊन घे त्यायची."

"धूर कशाचा आहे ते तरी बघू."

"धुराचं पाहू मंग. पयले चाबी. मी तेल मोजाची काडी काढून पायली ना, ते आत हात धुवत होते तवा. तेल खुनंच्या कितीतरी वर हाये. दोनदा टाकलं असन त्यायनं. एकदा टाकलं, इसरले, पुन्हा टाकलं."

मी पेन उचललं.

"काकाचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी एका सकाळी बैलांना दोनदा पेंड घातली, तेव्हा सगळे हसले होते. दोन वर्षांनी त्यांना घरून मळ्यात जायचा रस्ता आठवेनासा झाला. तो रस्ता सरळ आहे, त्याला एकही वळण नाही.

फोन ठेवल्यावर मी एका कागदावर मुद्दे लिहिले. ही सवय कामातली. एक: ऑइल दोनदा टाकलं. दोन: मागच्या महिन्यात दुकानातून मिठाचा एकच पुडा आणायचा होता, लागोपाठ दोन दिवस एकेक आणला. तीन: सुनेला माझ्या नावानं हाक मारली. तीन मुद्दे असले की बातमी उभी राहते.

रविवारी सकाळी वलगावला पोचले. किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर असते. ती काढून मी पर्समध्ये टाकली. आई चुलीपुढून पाहत होती.

"कायले घेतली वं?"

मी तिला हळू आवाजात सांगितलं. तिनं परातीतलं पीठ मळणं थांबवलं नाही. "मंग शनिवारी मी काय करू? भिताडाकडं पाहू?" एवढंच म्हणाली.

बाबा अंगणात गाडीपाशीच होते. बॉनेट उघडं, हातात फडकं. मला पाहून म्हणाले, "आली का माय? चाबी आन बरं आतून."

"माझ्याकडे आहे."

"दे मंग."

"नाही बाबा. भाऊ म्हणतो, आता गाडी नको. धूर येतो आहे. ऑइल दोनदा टाकलं गेलं तुमच्याकडून."

त्यांनी फडकं बॉनेटच्या कडेवर ठेवलं, नीट घडी घालून. "दोनदा कोन म्हंते?"

"काडीवर दिसतं. खुणेच्या वर आहे."

"हाये ना वर. मलेबी दिसते. आंधळा नाई मी." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "इसरलो नाई मी. टाकलं."

"किती?"

"डबा साडेतीन लिटरचा व्हता. अख्खा."

"पुस्तकात तीन लिटर शंभर मिली आहे."

"वाचलं ना. मोजून तेवढं टाकलं पयले. मंग राहिलेलं वरून."

"वरून काहून?" रागात मीही वऱ्हाडीवर आले.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाजारात नवं गिऱ्हाईक तराजूच्या काट्यावर बोट ठेवू लागलं की पाहत. "अवं, मापाले माप कोनीबी देते. पारडं झुकलं पायजे."

मला चाळीस वर्षांचा तराजू दिसला. बाबा पावकिलो वांगी मोजत आणि काटा मधोमध आला की थांबत नसत. आणखी एक वांगं टाकत. मेथीच्या जुडीवर सांबाराच्या चार काड्या ठेवत, न मागता. काटा सरळ राहिला तर गिऱ्हाईक कमी घेऊन गेल्यासारखं त्यांना वाटे. आमच्या कार्यालयात 'झुकतं माप' हा आरोप आहे. कोणाच्या बातमीला झुकतं माप दिलं यावरून बैठका होतात. आमच्या घरात मात्र ती दुकानदारीची किमान रीत होती. गाडी दर शनिवारी दोनशे किलोमीटर पळते, आईला बसवून नेते आणि आणते, तिला बाबांनी काट्यावर मोजून दिलं नाही इतकंच.

"काडीवरची खून त्यायनं कमीत कमीवर मारलेली असते," ते समजावत होते. "कंपनी कोनाले जास्तीचं कायले सांगन?"

"बाबा, खुणा दोन आहेत. खालची कमीत कमी, वरची जास्तीत जास्त. वरचीच्या पुढं जायचं नसतं. इंजिनातला दांडा मग तेलात बुडून फिरतो. घुसळल्यासारखं होतं, तेलाचा फेस होतो. फेस वंगण देत नाही. आणि जास्तीचं तेल जळतं, त्याचा धूर."

बाबांची नजर गाडीच्या पलीकडं, मेथीच्या वाफ्यावर होती. त्या वाफ्याला पाणी ते पाटात पाय ठेवून अडवतात. बोटभर जास्त झालं तरी आईवर ओरडतात.

"मेथीले पानी जास्त झालं तं मुळी सडते," ते म्हणाले, बहुतेक स्वतःशी. मग मान हलवली. "मी त्याले गिऱ्हाईक समजलो. हे तं पीक निंगालं."

आई दारात येऊन उभी होती. "अजी, तरी मी म्हनलं व्हतं, धूर येऊन राहिला."

"तू म्हनली, गाडी बुढी झाली."

"मंग काय चुकलं? ते बी खरंच हाये."

पुढचा अर्धा तास बाबांनी काम केलं आणि मी भांडं धरलं. गाडी कालपासून उभी होती, त्यामुळे तेल सगळं खाली बसलेलं होतं. अंगणातल्या सपाट फरशीवर ती आणायला किल्ली लागली असती. बाबांनी ती मागितली नाही. गियर काढून आम्ही दोघांनी ढकलली. ते खाली सरकले, नट अगदी थोडा सैल केला आणि बोटाच्या जाडीची धार भांड्यात येऊ दिली. बोटांनीच अंदाज घेत होते. "बस," म्हणाले आणि नट आवळला. मी तेल मापात ओतलं. चारशे मिलीला एक चमचा कमी भरलं.

काडी पुसून आत घातली, काढली. तेल वरच्या खुणेच्या सूतभर खाली होतं. त्यांनी ती पुन्हा पुसली आणि पुन्हा पाहिली. तेवढं सूतभर अंतर त्यांना आवडलं नव्हतं, हे दिसत होतं. काढलेलं तेल त्यांनी फाटकाच्या बिजागऱ्यांना लावलं. बिजागऱ्यांना चालेल त्याहून जास्त लावलं.

मी पर्समधून किल्ली काढून खिळ्यावर लावली. बाबांनी ते पाहिलं. निघताना माझ्या पिशवीत मेथीच्या तीन जुड्या घातल्या, फाटकापर्यंत आले, परत गेले आणि चौथी आणली.

पुढच्या शनिवारी भावाचा फोन आला. धूर आला नव्हता. बाबांनी गाडीतून उतरताच त्याला ऐकवलं होतं, "काहून रे, दोनदा टाकलं म्हंतो? एकदाच टाकलं. बापाचा हात मोठा हाये, डोकं जाग्यावर हाये."

"मंग आता चाबीचं काय करायचं?" भावानं विचारलं.

"राहू दे."

माझ्या कागदावरचा पहिला मुद्दा मी खोडला. मीठ आणि सुनेचं नाव हे दोन मुद्दे अजून तसेच आहेत. त्यांबद्दल दुसऱ्या बाजूला, म्हणजे बाबांना, विचारायचं राहिलं आहे. रोज ठरवते, आज फोनवर विचारू. बाबा फोन घेतात, येत्या शनिवारी काय काय न्यायचं ते सांगू लागतात, आणि मी ऐकत राहते.