सात वेळा विकलेलं कोहळं

कंडक्टरकाकांना प्रार्थना मध्येच थांबवायची वाईट खोड होती. डोळे मिटून सगळी मंडळी स्वर्गाच्या जवळपास पोचलेली असायची आणि मागच्या बाकावरून आवाज यायचा, "हाव, पन कोन जाईल?" आजाऱ्यासाठी प्रार्थना असली, तर त्याचा डबा घेऊन कोण जाईल, विधवेसाठी असली, तर तिच्याबरोबर तहसीलला कोण जाईल. देवाला असली व्यवहाराची भाषा आवडते की नाही ठाऊक नाही. आमच्या चर्चच्या कमिटीला मुळीच आवडत नसे.

तीस वर्षं त्यांनी लोणार-बीबी रस्त्यावर एसटीत तिकिटं फाडली होती. खरं नाव मंडळीच्या रजिस्टरात असेल, आम्हाला ते कधी लागलं नाही. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर पंचिंगचा चिमटा आणि घंटीची दोरी सुटली, पण आवाज सुटला नाही. उपासनेला उशिरा येऊन दाराशी घुटमळणाऱ्यांना ते भर गीतात सांगत, "पुढं सरका, मधात जागा हाये." आमच्या मंडळीत घरंच पस्तीस, त्यामुळे मधात जागा नेहमीच असे.

अनाथ मुलांवर मात्र आमचं फार प्रेम. जवळच्या एका बालगृहासाठी आम्ही दर शुक्रवारी प्रार्थना करायचो आणि दर नाताळाला चादरी द्यायचो. मुलं वीसेक होती आणि चादरी इतक्या, की त्यांची नातवंडंही त्यांच्यावर झोपली असती. फोटोत एकेका चादरीला सहा-सात मोठे हात लागलेले असत. मूल त्या चादरीमागे कुठेतरी असायचं. एकदा काका म्हणाले, "पाळकसाहेब, अवंदा लेकरू समोर घ्या अन् कमिटी मांगं. चादर त्याची हाये." तेव्हापासून फोटोच्या दिवशी काकांना निरोप जाणं बंद झालं.

हंगामाच्या सणाला मात्र त्यांच्याशिवाय पान हलत नसे. शेतातलं पहिलं पीक लोक वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. बोली पुकारायला काका. आमची एक जुनी रीत अशी, की ज्याने वस्तू घेतली त्याने ती घरी न नेता परत देवाला द्यायची. मग ती पुन्हा लिलावात, पुन्हा दुसऱ्याकडे, पुन्हा टेबलावर. यात घेणाऱ्याचं मोठं मन दिसतं. कोंबडा मात्र आजवर कोणी परत दिल्याचं मी पाहिलेलं नाही.

त्या वर्षीचा लिलाव बालगृहासाठी होता, आणि बालगृहच बंद होणार होतं. बाकीच्या मुलांची काही ना काही सोय झाली होती. एक नऊ वर्षांची मुलगी उरली होती. तिला कोणी नातेवाईक नव्हते, आणि एवढ्या मोठ्या मुलीला दत्तक घ्यायला कोणी येत नव्हतं. बालकल्याण समिती तिच्यासाठी प्रतिपालक कुटुंब शोधत होती, म्हणजे तिला आपल्या घरी ठेवून वाढवणारं कुणीतरी. न मिळालं तर तिची रवानगी दूरच्या जिल्ह्यातल्या संस्थेत. काकांनी स्वतः अर्ज केला होता. एकटा माणूस आणि साठीच्या पुढचं वय म्हणून तो नामंजूर झाला. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला पुढे समितीच्या बाईंकडून कळलं.

तर त्या रविवारी एक मोठं कोहळं सात वेळा विकलं गेलं. मी सहावा. बोली लावली, टाळ्या घेतल्या, बायको बघते आहे ना याची खात्री केली आणि कोहळं टेबलावर परत ठेवलं. सातवे कमिटीचे अध्यक्ष. मग पाळक प्रार्थनेला उभे राहिले. "हे दयाळू पित्या, त्या लेकरास तू घर दे."

"हाव, पन कोनाचं?" काकांनी विचारलं. कोहळं त्यांच्या कडेवर होतं. "सात जनायनं घेतलं हे. घरी एकानंबी नाई नेलं. कोहळ्याचं ठीक हाये, सडलं तं सडलं. त्या पोरीले अजून किती खेपा घ्यान अन् टेबलावर ठेवान?"

पाळकांनी घाईघाईने शेवटचं गीत सांगितलं. ते आम्ही फार जोरात म्हटलं.

दुपारी काका कोहळं घेऊन आमच्या दारात हजर. "मास्तर, तुमचं सामान राह्यलं होतं." चहा होईपर्यंत मी त्यांना मुलाची दहावी सांगितली, माझं बीपी सांगितलं, घरात एकच बाथरूम आहे हेही सांगितलं.

"पाह्यली म्या तुमची बाथरूम," काका म्हणाले. "नऊ वर्साची पोरगी मावते तिच्यात."

"प्रार्थना करून ठरवतो," मी म्हटलं.

माझी बायको शीला आत विळीवर बसून कोहळं चिरत होती. ती तिथूनच म्हणाली, "करा तुमी प्रार्थना. काका, फारम घेऊन या."

मग बुलढाण्याच्या खेपा झाल्या, घराची तपासणी झाली, शेजाऱ्यांना विचारपूस झाली. प्रत्येक खेपेला काका बसमध्ये माझ्या शेजारी. मी मध्येच उतरून पळेन असा त्यांचा संशय असावा आणि तो अगदीच खोटा नव्हता. मुलगी घरी आली त्याच आठवड्यात पाळकांनी बाप्तिस्म्याचा विषय काढला. काका म्हणाले, "पोरगी हिंदू घरची हाये. तिच्या दिवाईले पनत्या कोन लावन, ते सांगा पयले." पणत्या त्यांनीच आणल्या आणि आमच्या ओट्यावर वाकून वाकून स्वतः लावल्या. कमिटीने नाताळच्या अहवालात 'मंडळीने एका अनाथ बालिकेस आधार दिला' असं लिहिलं. मीही उपासनेत उभा राहून साक्ष देताना गहिवरून बोलू लागलो. चार वेळा बोललो.

दर रविवारी काका यायचे. तिला समोर बसवून विचारायचे, "भाजी आवडते का? भांडता का दोघं भाऊ-बहीन?" ती सगळ्याला मान डोलवायची. किती समंजस मुलगी, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो.

दीड वर्षाने काकांच्या छातीत दुखू लागलं आणि दोन दिवसांत ते गेले. पाळक त्यांच्याबद्दल फार छान बोलले, आता मध्येच थांबवणारं कोणी नव्हतं. दफन आटोपून आम्ही घरी आलो, तर मुलगी ओट्यावर बसलेली. पायात चप्पल, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत दोन फ्रॉक, कंगवा, शाळेची वही.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"काकानं आनलं होतं मले," ती म्हणाली. "ते तं गेले. आता मले वापस कोन नेऊन देईल?"

ती रडत नव्हती. तिला फक्त माहिती हवी होती. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. दीड वर्ष ती आमच्या ताटात जेवत होती आणि रोज जायच्या तयारीत होती, आणि मी तिच्यावर चार साक्षी देऊन मोकळा झालो होतो.

"कोनीच नाई नेत," शीला म्हणाली. "हे घर तुयंच हाये." तिने पिशवी ओढून घेतली आणि फ्रॉक कपाटात लावले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तीच पिशवी घेऊन मुलीसोबत बाजारात गेलो. वांगी घेतली, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेतली, आणि तळाशी चिखलासकट ओली हळद. पिशवीला मोठा पिवळा डाग पडला. शीलाने तो धुतला नाही. ती पिशवी घेऊन आता कोणाला गावाला जाता येणार नाही.