पाहुण्याचं पथ्य

मी पुण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा दर शुक्रवारी दुपारी हॉस्टेलच्या फोनवर मस्कतहून बाबांचा फोन यायचा. ओमानमध्ये शुक्रवारची सुट्टी. आधी बाबा दोन वाक्यं बोलायचे, तब्येत बरी आहे ना, अभ्यास चालू आहे ना, आणि मग फोन आईकडे जायचा. एका शुक्रवारी आईनं तब्येत विचारलीच नाही.

"आपल्याकडं पाहुणा आलाय," ती म्हणाली. "लिंबाच्या झाडाखाली राहतो. अंगभर काटे. मी पुढं गेले की गोळा होऊन बसतो. मग हळूच नाक काढतो."

आमचं घर मस्कतच्या अल् घुब्रा भागात, तळमजल्यावर. घरापुढे भिंतीलगत मातीचा एक पट्टा होता. त्यात एक लिंबाचं झाड, कढीपत्ता, पुदिना आणि आईनं लावलेली चार वांगी. एवढ्यालाच आम्ही बाग म्हणायचो. आईनं वर्णन केलेला प्राणी हेजहॉग असणार हे माझ्या लक्षात आलं. शाळेच्या पुस्तकात चित्र पाहिलं होतं. पण तो ओमानमध्ये असतो, आणि तोही आमच्या वांग्यांमध्ये, हे मला ठाऊक नव्हतं.

"काय देतेस त्याला?"

"दूध-पोळी. चांगली कुस्करून. ताटली चाटून पुसून ठेवतो बघ!"

तिचा आवाज इतका खुशीत होता की मीही हसले. बाबा दिवसभर अल् खुवैरच्या एका ऑफिस इमारतीचे एसी सांभाळायचे, मी पुण्यात. आईला गाडी चालवता येत नव्हती, आणि तिथे गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. कुणीतरी रोज ठरलेल्या वेळी तिच्याकडे जेवायला येतंय, ही तिच्यासाठी मोठी गोष्ट होती.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलं नव्हतं. बाबा आयटीआय झालेले, आई सातवी. त्यामुळे वर्गात प्रश्न विचारताना मला नेहमी वाटायचं, हे बाकीच्यांना आधीच माहीत असेल. तरी त्या आठवड्यात प्राणिशास्त्राचा तास संपल्यावर मी मॅडमच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले आणि विचारलं. त्या थांबल्या.

"दूध देऊ नये," त्या म्हणाल्या. "मोठ्या झालेल्या हेजहॉगला दूध पचत नाही. पोट बिघडतं, अंगातलं पाणी जातं. पोळी-ब्रेडही नको, नुसतं पोट भरतं. किडे खाणारा प्राणी आहे तो. लायब्ररीत पुस्तक आहे, बघ. आणि काय झालं ते मला सांग."

मी पुस्तक काढलं, वहीत सगळं उतरवून घेतलं. पण पुढचे तीन शुक्रवार आईला काही सांगितलं नाही. ती म्हणायची, "आज दोनदा आला," आणि मी म्हणायचे, "अरे वा." फोन ठेवल्यावर मला वाईट वाटायचं. सांगावं तर तिचा आनंद जाणार, न सांगावं तर तो प्राणी आजारी पडणार. मी ते दिवाळीच्या सुट्टीवर ढकललं.

घरी पोहोचले त्याच संध्याकाळी पाहुण्याची ओळख झाली. मगरिबची बांग संपली, उजेड मावळत आला, आणि लिंबाखालची पानं खसखसली. नारळाच्या लहान करवंटीएवढा प्राणी लुटुलुटु बाहेर आला. तोंड काळसर, कान मोठे. त्यानं पुढचे दोन्ही पाय सरळ ताटलीत ठेवले आणि मचमच आवाज करत खायला लागला. आई पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होती. "हळू खा," ती म्हणाली, "कुणी घेत नाही तुझं."

सकाळी ती बागेतल्या फरशीवर पाणी ओतून खराटा मारत होती. हिरवट, पातळ घाण सगळीकडे पडली होती.

"रोजच असं करतो," ती म्हणाली. "लहान जीव आहे, त्याला काय कळतं."

तेव्हा मी बोलले, पण चुकीच्या पद्धतीनं बोलले. वरच्या मजल्यावरच्या काकू, मूळच्या पुण्याच्या, कढीपत्ता न्यायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर मी वही काढली आणि अर्ध्या इंग्रजीत पाठ म्हटल्यासारखं सांगितलं की दुधातली साखर त्याला पचत नाही, पोट बिघडतं, अंगातलं पाणी जातं, आणि असंच चालू राहिलं तर तो मरू शकतो.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "म्हणजे एवढे दिवस..."

आईनं खराटा भिंतीला टेकवला. "मी काय विष घातलं का त्याला?"

"तसं नाही गं आई."

"आमच्या लहानपणी घरात दूध नव्हतं. कोरा चहा. दूध आणलंच तर आजाऱ्याला नाहीतर पाहुण्याला. मी घरातलं सगळ्यात चांगलं त्याला दिलं." तिनं ताटली उचलली, घासली, फडताळाच्या वरच्या खणात ठेवली. "आता शिकलेल्या माणसांनी घालावं त्याला."

माझी सुट्टी जेमतेम अडीच आठवड्यांची होती. त्यात मला एकच गोष्ट हवी होती. मी परत जायच्या आत ती ताटली आईच्या हातानं पुन्हा बागेत जावी, आणि तो तिच्याकडे जेवायला यावा.

दोन संध्याकाळी तो आला. ताटलीच्या जागी नाक लावून फरशी हुंगली, एक चक्कर मारली आणि गेला. आई स्वयंपाकघराच्या जाळीतून बघत होती, पण मी मागे आहे हे कळताच भांडी लावायला लागली. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. चौथ्याही दिवशी नाही.

"रागावला," आई जेवताना म्हणाली.

"तो कशाला रागावेल?" बाबा म्हणाले. "रागावलंय दुसरंच कुणीतरी. दोन दिवस झाले, मला कुणी वाढतच नाही, पातेलं पुढं सरकवतंय."

आईला हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

त्या रात्री मी वही घेऊन तिच्याजवळ गेले. म्हटलं, "हे सगळं इंग्रजीत आहे. मराठीत लिहून फ्रिजवर लावू या. मी लिहिते." माझी शाळा तिथलीच, इंग्रजी माध्यमाची, मराठी मला आईच्या बोलण्यातून आलं, लिहिण्यातून नाही. मी पहिली ओळ लिहिली. आईनं ती पाहिली, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाली, "हे असं अक्षर बघून तर तो मुळीच येणार नाही. तू सांग, मी लिहिते."

ती सुरेख गोल अक्षरात लिहायला लागली. मध्येच प्रश्न.

"दूध नको. मग लबान? ते तर ताकासारखंच."

"तेही नको. नुसतं पाणी. पसरट भांड्यात, रोज ताजं."

"खजूर? घरमालकांनी सहम गावच्या त्यांच्या बागेतला डबाभर आणून दिलाय."

"नको, फार गोड. मनुका, दाणेही नकोत."

"भात?"

"नको."

"मग मेला खातो तरी काय?"

"किडे, भुंगे, अळ्या, झुरळं."

"झुरळं!" आईनं पेन खाली ठेवलं. "अगं, मग बागेत कशाला ठेवलाय त्याला? घरातच घेऊ!"

बाबा पलीकडच्या खोलीतून मोठ्यानं हसले. मग मी पुढचं सांगितलं. किडे तो स्वतः शोधतोच, म्हणून बागेत मुंग्यांची पावडर टाकायची नाही. आपण द्यायचं ते थोडं, तोंडी लावण्यापुरतं: उकडलेल्या कोंबडीचे अगदी बारीक तुकडे, कधी उकडलेलं अंडं, नाहीतर मांजराच्या खाण्याचा मांसाचा डबा. मीठ, मसाला, तेल काही नाही. सकाळी उरलेलं फेकून ताटली वेगळी घासायची, हात धुवायचे.

"म्हणजे पथ्य," आई म्हणाली, आणि कागदावर मथळा लिहिला: पाहुण्याचं पथ्य.

दुसऱ्या दिवशी ताटली फडताळातून खाली आली. आईनं कोंबडी उकडली, बारीक तोडली आणि संध्याकाळी ताटली बाहेर नेली. मी मागोमाग गेले. तुकडे पिवळे दिसत होते.

"आई, हळद?"

"चिमूटभर. हळद औषधी असते."

"आणि मीठ?"

बाबांनी वाकून एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. "मीठ बरोबर आहे की," ते म्हणाले.

"आई!"

"अगं, अळणी कसं ठेवू कुणापुढं?" ती कळवळून म्हणाली. "माझ्या आईनं कधी कुणाला अळणी वाढलं नाही. घरात काही नसलं तर भाकरीवर मीठ-मिरची. पण मीठ असायचंच. अळणी वाढायचं म्हणजे ऊठ म्हणून सांगायचं."

हे मला पुस्तकात मिळालं नव्हतं. बाबांना वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं होतं. आई मान डोलावून आली होती आणि आमटीत मीठ तेवढंच पडत राहिलं होतं. ती हलगर्जीपणा करते असं मला वाटायचं. खरं तर नवऱ्याला अळणी वाढायला तिचा हातच धजत नव्हता.

मी कसंबसं म्हटलं, "आई, तूच मथळा लिहिलास ना, पथ्य म्हणून. पथ्याचं जेवण अळणी असलं तरी त्यात अपमान नसतो. ते काळजीनं केलेलं असतं."

तिनं ती ताटली बाबांपुढे सरकवली. "आता हे तुम्हीच संपवा," म्हणाली आणि आत जाऊन उरलेली कोंबडी नुसत्या पाण्यात ठेवली. मीठ घालण्याच्या वेळी तिचा हात सवयीनं बरणीकडे गेला. ती थांबली आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं.

त्या संध्याकाळचं अळणी जेवण शेजारच्या दोन मांजरांनी फस्त केलं. दुसऱ्या दिवशी बाबा सुपरमार्केटमधून मांजराच्या खाण्याचे डबे घेऊन आले. गल्ल्यावरच्या केरळी माणसानं विचारलं होतं, "भाई, कितनी बिल्ली है?" बाबा म्हणाले होते, "एक भी नहीं." तो बराच वेळ बाबांकडे आणि डब्यांकडे बघत राहिला होता.

मग बाबांनी मे महिन्यात आलेली हापूसची लाकडी पेटी काढली. आई त्यात कांदे ठेवायची. त्यांनी पेटी उलटी ठेवून एका बाजूला मांजर शिरणार नाही एवढं छोटं चौकोनी दार कापलं, आणि आत आडवी फळी ठोकली, म्हणजे मांजरानं पंजा घातला तरी ताटलीपर्यंत पोहोचू नये. वर वीट. "यल्ला, चला," ते म्हणाले, "हॉटेल तयार."

पण गिऱ्हाईक नव्हतं. आई रोज संध्याकाळी ताटली आत ठेवायची, सकाळी तशीच बाहेर काढायची, घासायची. एकदा म्हणाली, "माझ्यामुळं काही झालं तर नसेल ना त्याला?" मी नाही म्हटलं. पण मला तरी कुठे माहीत होतं? मी रोज भिंतीच्या बाहेरून चक्कर मारून यायचे आणि काही सापडलं नाही याचंच बरं वाटून घ्यायचे.

माझं विमान शनिवारी होतं. गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघं पायरीवर चहा घेत होतो. पानं खसखसली. आईनं माझं मनगट धरलं. तो लिंबाखालून आला, फरशीवर थांबला, पेटीकडे नाक करून उभा राहिला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मग दारातून आत शिरला. थोड्या वेळानं मचमच ऐकू यायला लागलं.

"अळणी आहे रे बाबा," आई हळूच म्हणाली. "गोड मानून घे."

तो बाहेर आला, पाण्याच्या पसरट थाळीपाशी बराच वेळ पाणी प्यायला आणि निघून गेला. आईनं वाकून पेटीत पाहिलं. ताटली रिकामी होती.

खरा आनंद शुक्रवारी सकाळी झाला. "ये, ये, लवकर ये! तुम्हीपण या हो!" आईच्या हाकेनं मी दचकून उठले. आई बागेत उकिडवी बसली होती. फरशीवर दोन छोट्या लेंड्या. काळ्या, कोरड्या, घट्ट. आम्ही तिघं रांगेत बसून त्या बघत राहिलो. आई तर अशी बघत होती, जणू माझा निकाल लागलाय.

वरच्या गॅलरीतून काकूंनी विचारलं, "काय हो, सोनं सापडलं का?"

"त्याच्याहून भारी!" आई म्हणाली. "खाली या, दाखवते!"

आणि काकू खरंच आल्या.

त्या दुपारी जेवायला अंड्याची आमटी होती. बाबांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मीठ निम्म्यावर आलं होतं. "त्या काटेवाल्याच्या नादानं माझं मीठ गेलं, खलास," ते म्हणाले. आईनं त्यांना आणखी एक अंडं वाढलं.

शनिवारी विमानतळावर सगळ्या सूचना देऊन झाल्यावर आई म्हणाली, "त्या मॅडमना सांग हं."

"काय सांगू?"

"सांग की घट्ट झाली."

मी सोमवारी वर्गात गेले. तास संपल्यावर मागोमाग जायचं नाही असं ठरवलं होतं. मॅडमनी कुणाला काही विचारायचं आहे का म्हटल्यावर मी उभी राहिले. सगळा वर्ग वळून बघत होता. मी म्हटलं, "मॅडम, विचारायचं नाही, सांगायचं आहे," आणि आईचा निरोप तिच्याच शब्दांत सांगितला.