प्रभाकरचं ‘उघडा!’

आमच्या रेकॉर्ड सेक्शनच्या जुन्या फायली केव्हाच रद्दीत गेल्या, पण आम्हा चौघांचे किस्से काही संपत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर त्याच्याखालून दुसरा डोकं वर काढतो! त्यातले निम्मे भुतांच्या पिक्चरचे. चौघं म्हणजे मी, विनायक, शालूताई आणि प्रभाकर.

\*

शनिवारी हाफ डे संपला की आम्ही थेट महाल भागातल्या टॉकीजमध्ये. नियम एकच. म्युझिक चढलं, दार करकरलं, की तिघांनी डोळे गच्च मिटायचे. प्रभाकर धीट. तो बघायचा आणि भूत गेलं की म्हणायचा, "उघडा!"

\*

नंतर टपरीवर तो आम्हाला भुताचं वर्णन सांगायचा. लाल डोळे, उलटे पाय, गुडघ्यापर्यंत केस. एकदा विनायकला शंका आली. "काहून गा, सगळ्या पिक्चरमधी एकच भूत कसं?"

प्रभाकर चहा फुंकत म्हणाला, "भूत एकच असते गड्या, पिक्चर बदलते!"

आम्हाला पटलं!

\*

टॉकीजच्या खुर्च्यांत ढेकूण फार. एकदा शालूताई अशा किंचाळल्या की पाठोपाठ अख्खी बाल्कनी किंचाळली. पडद्यावर तेव्हा हिरो-हिरोईन बागेत गाणं म्हणत होते! इंटरव्हलमध्ये एक अनोळखी बाई त्यांच्याजवळ येऊन हळूच विचारते, "काय दिसलं वं बाई तुले?"

\*

पुढे टॉकीज पडली, तिथे फ्लॅट स्कीम झाली. आम्हीही रिटायर झालो. मग विनायकच्या मुलीने आम्हाला मल्टिप्लेक्सला पाठवलं. खुर्च्या एवढ्या ऐसपैस की शेजाऱ्याचा हात धरायचा तर उठून जावं लागतं!

म्युझिक चढलं, आम्ही डोळे मिटले. म्युझिक एकदम थांबलं. "उघडा!" प्रभाकर म्हणाला. उघडले, तर भूत थेट नाकासमोर! विनायकचे पॉपकॉर्न पुढच्या रांगेत.

हल्लीचं भूत सगळं चिडीचूप झाल्यावर येतं, हे आम्हाला काय माहीत! मी वळून प्रभाकरकडे पाहिलं, तर गडी डोळे मिटून बसलेला. इतकी वर्षं तो नुसत्या म्युझिकवरून सांगत होता!

\*

शालूताई आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. शेवटी फोन करून म्हणाल्या, "इतके दिवस सांगितलं काहून नाही गा?"

"तुम्ही तिघंबी भेत होते ना ताई. कोणी एक तं धीट पाहिजे ना!"

\*

मला ती जुनी भुतं फार आठवतात. वाजतगाजत यायची, माणसाला डोळे मिटायला वेळ द्यायची. माझी नात आमच्या नंदनवन कॉलनीतल्या घरी वरणभात खाताखाता मोबाइलवर हल्लीची भुतं बघते. दचकते, पण एकटीच. मला तिची कीव येते.

\*

मागच्या हिवाळ्यात प्रभाकर झोपेतच गेला. आधी काहीच वाजलं नाही.

उन्हाळ्यात आम्ही तिघं पुन्हा पिक्चरला गेलो. म्युझिक चढलं, तिघांनी डोळे मिटले. म्युझिक थांबलं. पुन्हा चढलं, पुन्हा थांबलं. आता कोणी काही म्हणणार नाही हे कळत होतं, तरी मी कान लावून बसलो. फक्त एकदा ऐकायचं होतं. मग खुर्च्यांचे, चपलांचे आवाज आले, आणि झाडू घेऊन आलेली बाई अगदी जवळून म्हणाली, "काकाजी, पिक्चर संपला. उघडा आता डोळे."

शालूताई डोळे मिटूनच म्हणाल्या, "थांब वं माय, जराशी."