डुकरांच्या साथीतल्या डॉक्टरबाई

आजारी जनावराला हात लावण्याआधी कुमुदबाई त्याच्यासमोर उकिडव्या बसायच्या आणि नुसत्या बघत राहायच्या. बैल असो, शेळी असो, नाहीतर कोंबडी. मालक चुळबुळ करायला लागला की म्हणायच्या, "थांबा हो जरा. ते सांगतंय काहीतरी. मला कळेपर्यंत थांबा."

सत्तरच्या दशकात भिवंडीच्या ढोरांच्या दवाखान्यात बाई डॉक्टर म्हणून आल्या, तेव्हा बाजारात बरीच तोंडं वाकडी झाली. मी तिथे पशुधन पर्यवेक्षक होतो, मानकोलीच्या शेतकरी घरातला. बाई अंगानं किरकोळ, साडीवर खाकी कोट, पायांत पुरुषी मापाचे गमबूट. एकदा अडलेल्या म्हशीचं रेडकू त्यांनी खांद्यापर्यंत हात घालून सोडवलं, आणि लोकांची तोंडं हळूहळू सरळ झाली.

कामतघरच्या तळ्यापलीकडे, कापडाच्या लूमची खटखट जिथे विरळ होते, तिथे डुकरं पाळणाऱ्यांची थोडी घरं होती. एका सकाळी तिथली चंद्राबाई दवाखान्यात धावत आली. नवरा गेल्यावर या बाईनं डुकरांच्या जिवावर दोन मुली वाढवल्या होत्या. उंबऱ्यातूनच ओरडली, "बाय, माजी डुकरं पटापट मरतान! रंगवाल्यांनी विष घातलाय!"

वस्तीला लागून सूत रंगवण्याचा एक कारखाना होता. त्याचं निळं-लाल पाणी उघड्या गटारातून वाहायचं आणि त्यातच डुकरं लोळायची. आम्ही पोचलो तेव्हा गटाराच्या एका बाजूला वस्तीतले पुरुष काठ्या घेऊन उभे होते, दुसऱ्या बाजूला कारखान्याचे कामगार. मधोमध त्यांचे मुकादम करीमभाई हात जोडून एकच वाक्य बोलत होते, "हमने कुछ नहीं डाला, भाई. खुदा की कसम." भिवंडीनं थोड्याच वर्षांपूर्वी दंगल पाहिली होती. काठी उगारलेली दिसली की रस्त्यावरची दुकानं विचारत न बसता बंद व्हायची. त्या दिवशीही होऊ लागली होती.

बाईंनी कोणाकडे पाहिलंच नाही. डुकरांसमोर जाऊन बसल्या. डुकरं थंडी वाजल्यासारखी एकमेकांवर पडून होती. डोळे चिपडांनी चिकटलेले, कानांवर आणि पोटावर जांभळे डाग. एक मादी उठू पाहत होती, पण तिचे मागचे पाय लटपटले आणि ती कुशीवर कोसळली. बाईंनी एकेकाचा ताप पाहिला. मग उठून मोठ्यांदा म्हणाल्या, "मेलेलं एक डुक्कर इथे उघड्यावर आणा. मी ते कापणार आहे. दोन्हीकडच्यांनी बघायचंय. आणि काठ्या खाली ठेवा, मला अंधार होतोय."

भर उन्हात अंधार! पण काठ्या खाली आल्या. करीमभाईंची माणसं जरा लांब उभी राहिली, पण हलली नाहीत. बाईंनी मूत्रपिंड काढून दाखवलं. त्यावर टाचणीनं टोचल्यासारखे लाल ठिपके होते. आतड्यात गोल गोल, बटणांसारखे व्रण. "याला स्वाइन फीवर म्हणतात. डुकरांचा ताप. विषाणूचा रोग आहे हा."

"विषानू म्हंजे विषच ना?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"नाही. विष कोणीतरी घालावं लागतं. हा आपला आपण येतो. लाळेतून, विष्ठेतून, उष्ट्या-खरकट्यातून. माणसाला होत नाही, पण माणूसच त्याला पायांनी घरोघर पोचवतो." मग त्या चंद्राबाईकडे वळल्या. "एवढ्यात नवीन जनावर आणलं होतं का कोणी?"

चंद्राबाई मटकन खाली बसली. कल्याणकडून तिनंच एक डुकरीण आणली होती, सगळ्यांत आधी तीच मेली होती. "म्हंजे मीच मारली सगली?"

बाई तिच्याशेजारी चिखलात बसल्या. "तू डुकरीण आणलीस. रोग तिच्या अंगात लपून आला. तो तुला दिसणार कसा? मलाही दिसला नसता."

पण पुढचं त्यांनी लपवलं नाही. या रोगावर औषध नाही, लागण झालेली डुकरं मारून खोल पुरावी लागतील, आणि आसपासच्या निरोगी डुकरांना लस द्यावी लागेल. तेव्हा करीमभाई पुढे आले. "बाईजी, हम हाथ नहीं लगाएँगे. लेकिन गड्ढा हमारे आदमी खोद देंगे. चूना भी हम देंगे." थोड्या वेळापूर्वी ज्यांच्यावर काठ्या उगारल्या होत्या, तीच माणसं कुदळी घेऊन आली. चंद्राबाईनं आपल्या प्रत्येक डुकराचं डोकं शेवटपर्यंत मांडीवर धरलं. तिचा डुकरवाडा त्या दिवशी रिकामा झाला.

पुढे आमची पायपीट सुरू झाली. लस बर्फातच टिकायची, म्हणून बर्फ घेऊन पळायचं, कामतघरपासून काल्हेरपर्यंत जिथे डुकरं असतील तिथे. प्रत्येक दाराशी बाई धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात आधी बूट धुवायच्या. एक मालक चिडला, "आमची घान वाटतं काय तुमाला?"

"तुमची नाही, माझी वाटते. मी आजारी डुकरांतून आलेय."

लस टोचल्यावर त्यांचं ठरलेलं बोलणं असायचं: "ज्याला आधीच लागण झालीय, ते लस देऊनही मरेल. तेव्हा मला शिव्या द्या, पण दार लावू नका." काही डुकरं मेली. शिव्याही मिळाल्या. दार मात्र कोणी लावलं नाही, कारण दाराशी बाईंच्या आधी चंद्राबाई उभी असायची. डुक्कर पकडण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. माझ्या हातून सुटलेली डुकरं ती मागच्या पायाला धरून आणायची आणि मला म्हणायची, "दादा, तुमी नुसता बर्फ सांभाला."

साथ तळ्यापलीकडच्या त्या वस्तीबाहेर फारशी गेली नाही. काही महिन्यांनी वरचे एक साहेब पाहणीला आले. चंद्राबाई तेव्हा दुसऱ्यांची डुकरं राखत होती. साहेबांनी तिला विचारलं, "तुमची तर सगळी गेली. मग लोकांच्या डुकरांसाठी एवढं कशाला फिरलात?"

"माजी गेली म्हनूनच," ती म्हणाली.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "आणि साथ थांबवली कोणी?"

मला वाटलं, आता ती बाईंकडे बोट दाखवणार. चंद्राबाईनं पदर खोचला, बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गटारापलीकडे उभ्या असलेल्या करीमभाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमी."

साहेबांनी कुमुदबाईंकडे पाहिलं. बाई इतक्या खुललेल्या मी कधीच पाहिल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बरोबर सांगतेय ती, साहेब. यांनीच."

पुढे बाईंची बदली विदर्भात झाली. तिकडेच त्या निवृत्त झाल्या, तिकडेच वारल्या. मीही आता म्हातारा झालो. इतक्या वर्षांच्या नोकरीत काय कमावलं, असं नातवंडं विचारतात, तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगतो. आणि छाती पुढे काढून सांगतो की चंद्राबाईच्या त्या 'आमी'त मी होतो.