दोन सीटांची बाबागाडी

"एक सीट पुरे म्हटलं ना!"

"दोन हव्यात."

"आई, थोरली चार वर्षांची आहे. दिवसभर उड्या मारते. तिला कशाला गाडीत कोंबायचं?"

"उड्या घरात मारते. त्या पार्कात एकेका पाळण्याला तासतासभर रांगा असतात. दमल्यावर कडेवर कोण घेणार? तू? तुझी कंबर आधीच कुरकुरतेय."

"माझ्या कंबरेचं मी बघेन. ही बघ, एका हाताने मिटते. आणि तुझी ती! रणगाडा आहे नुसता. दुकानाच्या दारातून तरी जाईल का?"

"रणगाडा तर रणगाडा. भार दिला तर उलटत तरी नाही."

बोलून गेली आणि आईने जीभ चावली. लेकीचं लक्ष नव्हतं. दुपारच्या गाडीने निघायचं होतं, बॅगा अर्धवट, फोन सारखा थरथरत होता आणि दीड वर्षांचा धाकटा तिच्या कडेवरून माशासारखा सुळसुळत खाली जात होता. थोरली दुकानातल्या प्रत्येक बाबागाडीचा भोंगा वाजवत सुटली होती.

आई म्हणजे वीज कंपनीतली मीटर वाचणारी. उभी हयात जिने चढण्यात गेली. कुठल्या इमारतीची लिफ्ट कायम बंद, कुठल्या घरात कुत्रा मोकळा, सगळं तोंडपाठ. ऑफिसात तिला 'भिंगरी' म्हणत. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बूड टेकलं की लगेच काहीतरी आठवून उठायची.

निवृत्त झाली आणि गुडघ्यांनी संप पुकारला. आता बसलं की उठवत नव्हतं. घरात कुणाला पत्ता नव्हता. सगळे बाहेर पडताना ती म्हणायची, "व्हा पुढे, गॅस बघून येते," आणि मग कठडा धरून, एकेका पायरीची समजूत घालत उतरायची.

तसं तिने सांगितलंही असतं. पण सहलीचं ठरवताना जावई सहज म्हणाले होते, "ज्याला चालवणार नाही त्याने हॉटेलात मस्त टीव्ही बघावा. उगाच सगळ्यांच्या दिवसाचा विचका नको." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने आई हसली. तिने थोरलीला कबूल केलं होतं, पाण्यातल्या बोटीत तुझ्या शेजारी मीच. हॉटेलातला टीव्ही तिला नको होता. काठी तर त्याहून नको. काठी दिसते. बाबागाडीच्या दांड्यावर रेलणारी आजी मात्र कौतुकाची असते.

"मावशी, दोन्ही चालवून बघा की," दुकानदार कंटाळून म्हणाला.

लेकीने धाकट्याला हलक्या गाडीत बसवलं. आईने मुठी धरल्या, दोन पावलं टाकली आणि पुढची चाकं हवेत. धाकटा छताकडे बघत खिदळला.

"अगं, रेलतेस काय अशी?"

"मी कुठे रेलतेय? गाडीच फुसकी आहे."

मग दोन सीटांची. धाकटा बसला, थोरली हटून उभी. "मी बाळ नाहीये!"

"बाळ कोण म्हणतंय? ड्रायव्हर हवाय मला. बस पटकन."

ड्रायव्हर बसली. आईने आडवा दांडा धरला आणि निघाली. पाठ ताठ, मान वर, रॅकच्या टोकापर्यंत जाऊन झोकात वळसा. भिंगरीच. दोन पोरांचं वजन कामी आलं होतं, गाडी जराही कलत नव्हती.

"बघ!" ती लेकीला म्हणाली. "लोण्यासारखी चालते."

"आजी," थोरली पुढून म्हणाली, "आता माझा खांदा नको ना धरायला? परवा जिन्यात किती दुखलं मला."

लेकीचा फोन वाजला. तिने तो न बघताच बंद केला. आईच्या हातांकडे बघितलं. दांड्यावर आवळलेली बोटं पांढरीफटक पडली होती.

"जिन्यात काय झालं?"

"काही नाही. पोरं काहीही बोलतात."

"म्हणून रोज गॅस बघायला मागे राहतेस?"

"गॅस बघायला नको? तुम्ही सगळे असे वेंधळे."

"आई."

"हीच घ्यायची. ठरलं. बॅगा भरायच्यात अजून."

"मी गुडघ्यांचं विचारतेय. सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालायचंय उद्या. झेपणार आहे का तुला? मला तरी खरं सांग. घरी ह्यांना काय सांगू मी?"

दुकानदार उगाच एक चाक पुसायला लागला. धाकट्याने बूट काढून फेकला, कुणी उचलला नाही.

आईने गाडी दाराकडे वळवली. काचेचं दार कोपराने ढकललं. दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा उरली.

"अहो मावशी, बिल व्हायचंय!"

"आई, थांब. उत्तर दे मला."

थोरलीने भोंगा दाबला. गाडी उंबरठ्यावर हिंदकळली, सावरली, आणि दोन नातवंडांच्या भारावर आपला भार टाकून आई फुटपाथवरून चालू लागली, भराभरा, मागे न बघता.